हरळी राखणाऱ्यांच्या सभा

हिंगणघाटकडच्या आमच्या गावातला एक पोरगा सहा वर्षांपासून पुण्याजवळच्या एका गोल्फ मैदानावर नोकरीला आहे. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी अन् त्यात तुरीच्या ओळी. गेल्या पोळ्याला तो गावी आला तेव्हा पारावर त्याच्या मोबाईलमधला एक फोटो फिरत होता. हिरव्यागार गवतावर पंधरा-वीस माणसं गोल करून उभी, मधोमध एक पिकल्या केसांचा गृहस्थ गुडघे टेकून बसलेला, हातात मातीची लांबट कांडी, अन् ती त्याने नाकाला लावलेली. पोरगा म्हणाला, मैदानं सांभाळणाऱ्यांचा मेळावा आहे. कोणाच्या तरी मैदानावर जमायचं, गवत पाहायचं, बोलायचं, जेवायचं अन् परत. गवत कोणतं? हरळी. त्याच्या मोठ्या बापाने मोबाईल परत दिला. "हरयी जगवाचा पगार भेटते का गा? आमी तं उपटाची मजुरी देतो."

पारावर सगळे हसले, पण प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर जरा लांबचं आहे.

हरळी म्हणजे गणपतीची दूर्वा, हिंदीतली दूब. इंग्रजीत तिला बर्म्युडा म्हणतात, पण त्या बेटावर ती पाहुणीच. ती आपल्याकडच्या जुन्या खंडांतली. ती वावरात शिरली की काय होतं हे विदर्भात कोणाला सांगायला नको. धुऱ्यावरून आत सरकते, डवऱ्याला गुंडाळते, वखरून काशा, म्हणजे मातीतली तिची गाठाळ मुळं, वेचून धुऱ्यावर वाळत टाकल्या तरी बोटभर तुकडा मातीत राहिला की पहिल्या पावसाला तिथून पुन्हा फुटते. हरळीच्या वावरात कोणी रोटाव्हेटर घातला तर जाणती माणसं त्याला वेड्यात काढतात, कारण एका काशीचे पन्नास तुकडे होतात अन् पन्नासही लागतात.

गोल्फवाले नेमकं हेच करतात, तेही मुद्दाम. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन हे शास्त्रज्ञ आधी गुरांच्या चाऱ्यासाठी हरळीचे वाण तयार करत होते. पुढे मैदानांसाठीही करू लागले. साधी हरळी अन् आफ्रिकेतली बारीक पानांची हरळी यांच्या संकरातून टिफग्रीन (1956) अन् टिफवे (1960) हे वाण आले, त्यामागून टिफड्वार्फ (1965). या संकरित हरळीला बी धरत नाही. म्हणून तिच्या काशा यंत्राने बारीक तोडायच्या, जमिनीवर फेकायच्या, वरून दाबायच्या अन् पाणी सोडायचं. आपल्या वावरात जी आफत, ती तिथली लावणी.

मग ते गवत कापायचं. गोल्फमध्ये ज्या गुळगुळीत तुकड्यावर चेंडू भोकात ढकलतात त्याला ग्रीन म्हणतात. टिफड्वार्फ तिथे पाच मिलिमीटरच्या आसपास कापून ठेवता येते, नंतरचे काही वाण तीन मिलिमीटरवरही तगतात. ज्वारीच्या दाण्याहून कमी उंची! त्या उंचीवर गवत कायम मरणाच्या दारात असतं. पात्याची धार गेली, फवारणीचं माप चुकलं, मे महिन्यात एक दुपार पंप बंद पडला, की पिवळं. हरळीला मारायला आपण जन्म घालवतो. तिला या अवस्थेत जिवंत ठेवणं त्याहून अवघड आहे, आणि पगार त्याचा मिळतो.

हा धंदा स्कॉटलंडमध्ये जन्मला. तिथल्या समुद्रकाठच्या रेताड कुरणांवर गवत आखूड ठेवायचं काम आधी मेंढ्या करत. 1830 मध्ये एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापायचं यंत्र काढलं. कल्पना त्याला लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून सुचली. पुढे टॉम मॉरिस नावाचा माणूस 1851 मध्ये प्रेस्टविकला अन् 1864 पासून सेंट अँड्र्यूजला मैदानाचा राखणदार झाला. तो स्वतः नावाजलेला खेळाडू होता, ब्रिटिश ओपन चारदा जिंकलेला. खेळायचा, चेंडू बनवायचा, मैदानही राखायचा. ग्रीनवर रेतीचा पातळ थर पसरला की गवत दाट होतं, ही रीत त्याच्या नावावर जमा आहे. एकदा हातगाडीतली रेती चुकून सांडली अन् तिथलंच गवत जोमाने उठलं, अशी कथा सांगतात. गुरुजींनी शेणखताचा ढीग जिथे टाकला तिथली भेंडी मोठी झाली, या आपल्याकडच्या कथेच्या जातीची ही कथा. खरी असो नसो, रीत आजही चालू आहे.

मॉरिसला मान होता तो खेळाडू म्हणून. त्याच्यामागून नुसतंच गवत राखणारे जे आले त्यांना तो मिळाला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गोल्फचे क्लब भराभर निघाले, अन् समुद्रकाठची रेती सोडून चिकणमातीत, जुन्या शेतांत, पाणथळीत मैदानं होऊ लागली. राखणदार बहुतेक शेतावरून आलेले किंवा बाहेर देशातून आलेले मजूर. कोणतं बी आणायचं, कोणतं खत टाकायचं हे ठरवायची क्लबच्या सभासदांची समिती, म्हणजे वकील, बँकवाले, कारखानदार. बियाण्याच्या व्यापाऱ्याने समितीला पटवलं की तेच मैदानावर यायचं. गवत मेलं की दोष मात्र राखणदाराचा. 1920 मध्ये अमेरिकेच्या गोल्फ महासंघाने गवताच्या अभ्यासासाठी ग्रीन सेक्शन नावाचा विभाग काढला, दुसऱ्या वर्षी त्याचं पत्रकही निघालं. काम चांगलं होतं, पण ते होतं क्लबांसाठी. ज्याच्या बुटाला चिखल तो माणूस त्यात पाहुणा.

या अपमानातून, अन् गवताबद्दलच्या अडाणीपणातूनही, संघटना उभी राहिली. ओहायो राज्यात जॉन मॉर्ली नावाचा राखणदार होता. 1923 मध्ये क्लीव्हलँड परिसरातल्या राखणदारांनी आपली मंडळी जमवली, त्यात तो पुढे होता. मग 13 सप्टेंबर 1926 ला टोलेडोच्या सिल्व्हेनिया क्लबवर साठ जण एकत्र आले अन् राष्ट्रीय संघटना झाली; मॉर्ली पहिला अध्यक्ष. पुढच्याच वर्षी शिकागोला पहिलं अधिवेशन भरलं, मासिक सुरू झालं. त्याच 1927 साली मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयात लॉरेन्स डिकिन्सन या प्राध्यापकांनी राखणदारांसाठी हिवाळी वर्ग उघडला. हिवाळीच, कारण मैदान बर्फाखाली गेलं की माणूस मोकळा. आपल्याकडे सप्ताह अन् कीर्तनं सुगीनंतर बसतात, तसं.

नावाचा झगडा मात्र बराच काळ चालला. संघटनेचं पहिलं नाव ग्रीनकीपर्सचं, म्हणजे राखणदारांचं. 1938 मध्ये त्यात सुपरिंटेंडंट हा शब्द घुसला अन् 1951 मध्ये राखणदार हा शब्द पूर्ण गेला: गोल्फ कोर्स सुपरिंटेंडंट्स असोसिएशन ऑफ अमेरिका. आपल्याकडे पट्टेवाल्याचा शिपाई अन् शिपायाचा मल्टिटास्किंग स्टाफ झाला, पण त्यात माणसाचं काम तेच राहिलं. इथे नावाबरोबर पगार अन् समितीपुढे बोलायची ताकदही वाढली, हे मान्य करावं लागतं. ब्रिटनमध्ये राखणदारांची संघटना त्याआधीच, 1912 मध्ये झाली होती; 1929 मध्ये यॉर्कशायरमधल्या बिंगली इथे गवतावरचं संशोधन केंद्र निघालं, अन् 1987 मध्ये तीन वेगळ्या संघटना एक झाल्या. त्यांनी राखणदार हा शब्द टाकला नाही. मला तेच आवडतं.

राष्ट्रीय संघटनेपेक्षा जीव आहे तो विभागीय संघटनांत, अन् याचं कारण गवतातच आहे. दोनशे किलोमीटरवरची माती वेगळी, पाऊस वेगळा, बुरशी वेगळी. पुस्तक सगळ्यांना एकच सांगतं. म्हणून शेजारच्या दहा-वीस मैदानांची माणसं पाळीपाळीने एकमेकांकडे जमतात. सकाळी चहा, विद्यापीठातल्या कोणाचं तरी रोगावर किंवा पाण्यावर भाषण, जेवण, अन् दुपारी मैदानाची फेरी किंवा खेळ. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत फवारणीचा परवाना टिकवायला शिक्षणाचे तास भरावे लागतात, ते अशा बैठकांत भरले जातात. त्यामुळे कंटाळवाण्या भाषणालाही खुर्च्या रिकाम्या नसतात. पण सगळं शिकणं होतं ते फेरीत. यजमान आधी आपला चांगला ग्रीन दाखवतो, मग कोणी तरी विचारतं, त्या कोपऱ्यात काय झालं? मग एक नळी खुपसून मातीची कांडी बाहेर काढायची, मुळं किती खोल गेली ते बोटाने मोजायचं, हुंगायचं. सडका वास आला म्हणजे खाली पाणी तुंबलंय. फोटोतला माणूस तेच करत होता.

या संघटनांची पत्रकं वाचायला मजेदार. शिकागोकडच्या संघटनेच्या पत्रकाचं जुनं नावच द बुल शीट! कोण कुठल्या मैदानावर गेलं, कोण निवृत्त झालं, कोण वारलं, पुढची बैठक कुठे, अन् त्याच पानावर यंदा डॉलर स्पॉट लवकर दिसतोय अशी खबर. डॉलर स्पॉट म्हणजे गवतावर चांदीच्या डॉलरएवढे वाळके ठिपके पाडणारी बुरशी. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने गवतावरचं असं साहित्य जपून ठेवलंय. गावगप्पा अन् रोगाची नोंद एकाच कागदावर असल्याने कोणत्या साली कुठे काय मेलं हे आज शोधता येतं.

आपल्याकडे गोल्फ फार आधी आला. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना; मुंबईचा 1842 चा. पुढे छावण्यांबरोबर खेळ आत सरकला. बऱ्याच छावण्यांत ग्रीन परवडत नसे, तिथे तेल मारलेल्या रेतीचा चपटा गोल करत अन् त्याला ब्राउन म्हणत. उन्हाळ्यात गवत जिथे टिकत नाही तिथे हा उपाय शहाणपणाचाच होता. हे सगळं राखलं माळ्यांनी. साहेबांची नावं क्लबच्या लाकडी फलकांवर सोनेरी अक्षरांत आहेत. माळ्यांची कुठेच नाहीत.

विदर्भात गोल्फची मैदानं बोटांवर मोजण्यासारखी, पण गवत राखणारे हात कमी नाहीत. नागपूर, वर्धा, अमरावतीकडे लॉन म्हटलं की लोकांना लग्नच आठवतं. तालुक्याच्या गावालाही दोन-तीन लॉन असतात, अन् प्रत्येकावर एक माळी, जो हजार माणसांच्या पंगतीनंतर सकाळी पत्रावळी वेचून पाणी सोडत असतो. वर्धा रोडवर जामठ्याला क्रिकेटचं मैदान 2008 मध्ये झालं. 2015 च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी तिथे तीन दिवसांत संपली अन् आयसीसीने खेळपट्टीला निकृष्ट शेरा दिला. 23 सप्टेंबर 2022 ला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा टी-20 सामना ओल्या मैदानामुळे आठ-आठ षटकांचा झाला. दोन्ही वेळा गावोगावच्या टपऱ्यांवर सगळे एकाएकी मातीचे तज्ज्ञ झाले होते. काळी माती म्हणजे काय हे कपाशीवाल्याला विचारा: ओली झाली की फुगते, पाणी सोडत नाही, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. क्रिकेटच्या खेळपट्टीला अशी घट्ट चिकण माती हवीच असते. गोल्फच्या ग्रीनला ती चालत नाही. 1960 मध्ये अमेरिकेच्या महासंघाने ग्रीनची जी रचना ठरवून दिली तिच्यात खाली दहा सेंटिमीटर गिट्टी अन् वर तीस सेंटिमीटर मुख्यतः रेतीचा थर असतो, म्हणजे माती जवळपास हद्दपार. आमच्या भागात असा ग्रीन करायचा तर काळी खोदून फेकायची अन् कन्हानची रेती चाळून भरायची. रेतीचा आजचा भाव पाहता हे स्वप्नच, अन् मे महिन्यात गावाला टँकर येत असताना ते कोणी पाहूही नये, असं माझं मत.

आयपीएल 2024 संपल्यावर बीसीसीआयने दहा नेहमीच्या मैदानांच्या क्युरेटर अन् कर्मचाऱ्यांना प्रत्येकी 25 लाख आणि तीन जादा मैदानांना 10 लाख जाहीर केले. जामठा त्या यादीत नव्हतं, तिथे त्या हंगामात सामनेच नव्हते. लॉनवाल्या माळ्याचा तर प्रश्नच नाही.

मेळाव्याची रीत मात्र आपल्याला परकी नाही. नागपूरचं कृषी महाविद्यालय 1906 चं, महाराजबाग त्याच्याच ताब्यातली. पंजाबराव देशमुखांनी 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी मेळा भरवला. त्यांच्या नावाचं विद्यापीठ 1969 मध्ये अकोल्याला झालं, अन् तिथे दरवर्षी शिवारफेरी निघते: शेतकरी उभ्या पिकांतून चालतात, पानं उलटून पाहतात, शास्त्रज्ञाला आडवे प्रश्न घालतात. पोराने फोटोतल्या मेळाव्याचं वर्णन केलं तेव्हा पारावरचा एक जण लगेच म्हणाला, "म्हंजे शिवारफेरीच नं ही!" त्यापुढे समजावून सांगायला काही उरलं नाही. फरक एवढाच की शिवारफेरीत हरळीसमोर कोणी थांबत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरगा माझ्यासोबत वावरात आला होता. धुऱ्यावर बसून त्याने खुरप्याने हरळीचा ताटलीएवढा तुकडा मुळांसकट काढला, आडवा धरला अन् हिरव्या पात्याखाली साचलेला वाळक्या काड्यांचा थर अंगठ्याने मोजून दाखवला. मैदानावर हा थर अर्ध्या इंचाच्या वर गेला की पाणी खाली जात नाही, बुरशी धरते, मग मशीनने हरळी उभी चिरून तो थर काढावा लागतो. इथे दोन इंच होता अन् हरळी मजेत होती. घरी नेऊन कुंडीत लावून पाहतो म्हणाला. वाटेत मोठा बाप भेटला, हातातला तुकडा पाहून थांबला. "आंगनात आनू नको थे," तो म्हणाला. "लागंल."