एक्स-रे मशीन घेताय? आधी ई-लोरा, मग मशीन

सांगलीच्या विश्रामबागेत किंवा मिरजेत नवा दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला की प्रश्न ठरलेला असतो: "मशीन परवा उतरतंय, ते एईआरबीचं कधी करायचं?" मशीनची ऑर्डर देण्याआधी करायचं होतं, हे सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं. मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं राहिलं 1894 साली, आणि रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले 1895 च्या नोव्हेंबरात. एवढी जुनी डॉक्टरी परंपरा असलेल्या गावातही हा क्रम अजून उलटाच चालतो.

एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ; एक्स-रे मशीनची परवानगी आणि नोंदणी त्याच्याकडे होते. कचेरी मुंबईत, अणुशक्तीनगरला. सांगलीत त्याची खिडकी नाही, पण सगळा अर्ज 'ई-लोरा' या ऑनलाइन पोर्टलवर होत असल्यामुळे मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. साधा एक्स-रे, मोबाइल एक्स-रे, दाताचा एक्स-रे, ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे), मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) यांना 'नोंदणी' लागते. सीटी आणि कॅथ लॅबला (जिथे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात) 'परवाना'. सोनोग्राफी यात येत नाही. तिची नोंदणी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली वेगळी होते. ती फाइल आणि ही फाइल एकत्र करू नका. महापालिकेची नर्सिंग होम नोंदणी असली तरी तिच्यात एक्स-रेची नोंदणी येत नाही.

पहिली पायरी संस्थेच्या नोंदणीची. मालकाचं पॅन कार्ड, ओळखीचा पुरावा आणि दवाखान्याच्या पत्त्याचा पुरावा लागतो. बहुतेक अर्ज अडतात ते नावात: पॅनवर एक नाव, पाटीवर दुसरं, वीजबिल घरमालकाचं. आधी ते जुळवून घ्या. लॉगिन मिळालं की मशीन खरेदीची परवानगी मागायची. मॉडेल एईआरबीने मान्य केलेलं असलं पाहिजे. विक्रेता "होऊन जाईल" म्हणाला तरी पोर्टलवर ते मॉडेल दिसतंय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मशीन बसल्यावर अधिकृत संस्थेकडून गुणवत्ता चाचणी, म्हणजे क्यूए करून घ्यायची, तो अहवाल अपलोड करायचा आणि मग नोंदणीचा अर्ज. क्यूए पुढेही दर दोन वर्षांनी आणि मोठी दुरुस्ती झाली की लागते.

खोलीचा नकाशा मशीन येण्याआधीच काढून ठेवा. साध्या एक्स-रेला 9 इंची विटेची भिंत चालते. आपल्याकडे दुकानगाळ्यांतून जी साडेचार इंची पार्टिशन असते ती चालत नाही. दाराला आतून शिशाचा पत्रा हवा. दाराबाहेर लाल दिवा, किरणोत्सर्गाची खूण, आणि गरोदर बाईने आधी सांगावं अशी मराठी पाटी लावा. नातेवाइकांचं बाकडं मात्र दाराला चिकटून नको.

2019 च्या पुरानंतर काही जणांनी तळमजल्यावरचं मशीन वर हलवलं. योग्यच केलं, पण मशीन जागेवरून हललं की नोंदणीतही ती नवी जागा दाखवावी लागते आणि क्यूए पुन्हा होते. वर गेल्यावर पायाखालच्या स्लॅबचाही हिशोब येतो, कारण खालच्या खोलीत कुणीतरी बसलेलं असतं. अशा सामान्य माणसासाठी वर्षाला 1 मिलिसीव्हर्टची (हे किरणांच्या डोसचं माप) मर्यादा आहे.

आता माणसं. तंत्रज्ञ विज्ञान शाखेतून बारावी झालेला आणि किमान एक वर्षाचा मान्यताप्राप्त रेडिओग्राफी कोर्स केलेला हवा. "आमचा कंपाउंडर शिकलाय बघून बघून" हे ई-लोरावर लिहायला जागा नाही. 18 वर्षांखालच्या कुणालाही या कामावर ठेवता येत नाही. शिवाय आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. पात्रता असेल तर डॉक्टर स्वतः किंवा तंत्रज्ञही होऊ शकतो. दोघांची प्रमाणपत्रं स्पष्ट स्कॅन करून ठेवा.

आणि टीएलडी बॅज, म्हणजे काम करणाऱ्याला किती किरण लागले ते मोजणारा बिल्ला. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे अर्ज करून तो मिळतो, दर तीन महिन्यांनी बदलून येतो. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या किरणांची ऊर्जा साठवतात, प्रयोगशाळेत तापवल्या की उजळतात, आणि त्या उजेडावरून डोस मोजतात. बॅज छातीवर लावायचा, शिशाच्या ॲप्रनच्या आत. दुसऱ्याला द्यायचा नाही. सोबत तुलनेसाठी येणारा कंट्रोल बॅज एक्स-रे खोलीपासून लांब ठेवायचा.

बॅज सांभाळायला मी स्वतः चूक करून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एकदा दिवाळीला गावी जाताना माझा बॅज ॲप्रनलाच राहिला, आणि ॲप्रन खोलीत खुंटीवर. बदली माणूस आठवडाभर फिल्म काढत होता, मी घरी करंज्या खात होतो. अहवालात डोस माझ्या नावावर चढला. खुलासा लिहिताना घाम फुटला, कारण हा आकडा राष्ट्रीय डोस नोंदीत जातो. हे काम करणाऱ्यांसाठी वर्षाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने 20 मिलिसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. एका तिमाहीत 10 च्या वर गेला तर चौकशी होते. नीट काम करणाऱ्या साध्या एक्स-रे तंत्रज्ञाचा डोस याच्या जवळपासही जात नाही, म्हणून आकडा वाढलेला दिसला की आधी बॅज कुठे होता ते आठवा.

तंत्रज्ञ बाईला दिवस राहिले तर मालकाला लवकर सांगावं. तेव्हापासून गर्भाला मिळणारा डोस 1 मिलिसीव्हर्टच्या आत राहील अशी कामाची वाटणी करणं मालकावर बंधनकारक आहे. कामावर घेताना आणि नंतर किमान दर तीन वर्षांनी आरोग्य तपासणी करून घ्यायची, तीही मालकाच्या खर्चाने.

नोंदणी पाच वर्षांची असते. मुदत संपायच्या आत नूतनीकरण करा, आणि त्या वेळी ताजा क्यूए अहवाल हाताशी ठेवा. जुनं मशीन विकायचं असेल तर घेणाऱ्यालाही खरेदीची परवानगी लागते. भंगारात काढायचं असेल तर ई-लोरावर कळवून, ते पुन्हा चालू होणार नाही असं करून मगच गाडीत चढवा. भंगारवाल्याच्या पावतीवर तुमची नोंदणी रद्द होत नाही.

तंत्रज्ञांनो, नोकरी बदलताना आपला टीएलडी क्रमांक आणि आजवरच्या डोसचा अहवाल मागून घ्या. नव्या ठिकाणी तोच क्रमांक चालू ठेवायला सांगा.