मेगा मोठा म्हणजे फास्ट? आधी रजिस्टरचा पत्ता बघा

सोलापुरात लूमला पिक काउंटर (विणताना पडलेले आडवे धागे मोजणारं यंत्र) बसवून देणारी पोरं आहेत, त्यातलं कुणी ना कुणी हमखास सांगणार, आर्डुइनोचा उनो आर३ (छोटा कंट्रोलर बोर्ड) नको, मेगा घ्या, मोठा बोर्ड म्हणजे फास्ट. अहो, दोन्हीचं क्लॉक १६ मेगाहर्ट्झच आहे! पिना आणि मेमरी जास्त मिळते, स्पीड नाही. उलट काही पिनांवर मेगा हळू पडतो, आणि त्याचं कारण मला जाम आवडतं.

दोन्ही बोर्डांवरच्या एव्हीआर चिपमध्ये बहुतेक इन्स्ट्रक्शन १६ बिटांची. एक पिन ऑन करायची 'एसबीआय' घ्या, त्यात ८ बिट "काय करायचं" यात गेले, ३ बिट आठपैकी कुठला बिट ते सांगायला, उरले ५. पाच बिटांत पत्ते मावतात फक्त ३२, म्हणजे ० ते ३१ नंबरच्या गल्लीत घर असलेल्या रजिस्टरलाच (चिपमधला ८ बिटांचा कप्पा) ही सोय. पोर्ट म्हणजे पिनांचं रजिस्टर, एका बिटाला एक पिन. पोर्टबीचा नंबर ५, त्यामुळे काम २ बाइट आणि २ सायकलमध्ये खलास. मेगाच्या ६ आणि ७ नंबरच्या पिना मात्र पोर्टएचवर, आणि त्याचा पत्ता हेक्समध्ये १०२, गल्लीच्या पार बाहेर. मग आधी एलडीएसने वाचा, ओआरआयने बिट लावा, एसटीएसने परत लिहा, १० बाइट आणि ५ सायकल. सी मधली ओळ दोन्हीकडे सारखीच दिसते बरं का.

रजिस्टरमध्ये थेट आकडा भरणारी एलडीआय फक्त आर१६ ते आर३१ या सोळा रजिस्टरवरच का चालते, तेही हेच गणित: ४ बिट ऑपकोड (काय करायचं), ८ आकडा, उरले ४.

पण खरी गोची वेगाची नाहीये. थेट पोर्टवर लिहिताना मेन प्रोग्रॅमने ६ नंबरसाठी पोर्टएच वाचला, तेवढ्यात पिकचा इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा सिग्नल) आला, त्याने ७ नंबर ऑन केला, आणि परत आल्यावर मेनने जुनीच व्हॅल्यू लिहून टाकली. ७ नंबर गेला! कधीतरीच होतं, रीसेट मारला की सगळं ठीक, मग पॅनलला लिंबू-मिरची लटकते. लिंबाला काय कळतंय एसटीएस.

इलाज दोन, एक तर त्या तीन इन्स्ट्रक्शनपुरते इंटरप्ट बंद ठेवा, नाहीतर दोन्ही वायरी १० आणि ११ नंबरवर न्या, त्या पोर्टबीवर आहेत. फक्त कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू पाहिजे, नाहीतर तो एसबीआय वापरतच नाही.