लिस हार्टेलच्या मेडलमागची भानगड

पुण्यात घोडा म्हटलं की कॅम्पातल्या रेसकोर्सवरच्या पावसाळी रेसेस नाहीतर वरातीतला घोडा, आणि पॅरालिम्पिक म्हटलं की आपले मुरलीकांत पेटकर, १९७२, हायडेलबर्ग, स्विमिंगचं गोल्ड. दोन्ही एकत्र येतात त्या पॅरा-ड्रेसाजबद्दल, म्हणजे अपंग खेळाडूंच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, आणि त्याची मुळं शोधायला पॅरालिम्पिक सुरू व्हायच्याही आधी जावं लागतं, डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेलपर्यंत.

लिसचा जन्म १९२१ चा. १९४४ मध्ये दुसऱ्यांदा दिवस गेलेले असताना तिला पोलिओ झाला. मुलगी सुखरूप झाली, पण हिचे गुडघ्याखालचे पाय कायमचे गेले, हातांवरही परिणाम राहिला. तरी बाई परत घोड्यावर बसायला लागली, चढवायला-उतरवायला माणूस लागायचा ते सोडा.

आता ड्रेसाजमध्ये घोडा पळवायचा नसतो. ६० बाय २० मीटरच्या आखलेल्या जागेत ठरलेल्या हालचाली त्याच्याकडून करून घ्यायच्या, आणि स्वार त्याला कधी काय सांगतोय हे बघणाऱ्याला कळलंही नाही पाहिजे. हे सांगायचं कशाने, तर मुख्यतः पोटरीच्या दाबाने, टाचेने. लिसकडे नेमकं तेच नव्हतं. मांड्यांत जोर होता तेवढा, मग मांड घट्ट ठेवून कमरेचा नि पाठीचा भार किंचित इकडे-तिकडे केला की काय करायचं हे तिच्या ज्युबिली नावाच्या घोडीला समजायचं.

पण नुसत्या जिद्दीने ती ऑलिम्पिकला पोचली नसती, आणि हा भाग लोक हमखास गाळतात. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजला बायकांना बंदी, आणि सैन्यातल्या साध्या सार्जंटलाही. स्वीडनने काय केलं, येनॉल पेर्सन नावाच्या सार्जंटला स्पर्धेपुरतं ऑफिसर केलं, टीम गोल्ड घेतलं, आणि नंतर गुपचूप परत सार्जंट! १९४९ मध्ये ते उघड झालं, स्वीडनचं गोल्ड काढून फ्रान्सला दिलं. एवढी शोभा झाल्यावर नियमच बदलला, आणि १९५२ च्या हेलसिंकीला ड्रेसाज सगळ्या रँकच्या लोकांना आणि बायकांनाही खुलं झालं.

तिथे लिसला सिल्व्हर. गोल्ड स्वीडनच्याच आँरी सँ सीरला, १९४८ च्या त्या टीममधला गडी, आणि पोडियमवर चढायला तिला हात दिला तोही त्यानेच. पेर्सनलाही यावेळी सार्जंट असूनच टीम गोल्ड मिळालं, ते बरं झालं. १९५६ ला ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइनमुळे घोड्यांच्या स्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला झाल्या, तिथेही गोल्ड सँ सीर, सिल्व्हर लिस.

पुढे घोडेस्वारी उपचार म्हणूनही पसरली, १९९६ पासून पॅरालिम्पिकमध्ये रुळली. आता पाच ग्रेड आहेत, ग्रेड १ म्हणजे सगळ्यात जास्त अपंगत्व, त्यात घोडा फक्त चालत न्यायचा. ब्रिटनच्या ली पीअर्सनची पॅरालिम्पिकची १४ गोल्ड आहेत, जन्मापासून सांधे आखडलेले असून. सुरुवातीला यजमानांचे घोडे वापरायचे, नंतर आपापला घोडा न्यायची पद्धत आली आणि गणित पैशाचं झालं. आपल्याकडे घोडा सांभाळायचाच खर्च बघितला तर पोहायला किंवा भालाफेकीला माणसं येतात आणि इकडे का येत नाहीत ते वेगळं सांगायला नको.