क्विझेनबेरी, डॅन

(७ फेब्रुवारी १९५३ – ३० सप्टेंबर १९९८). अमेरिकन बेसबॉलपटू. कॅन्सस सिटी रॉयल्स संघाचे रिलीफ पिचर (बदली म्हणून मैदानात येणारा चेंडूफेक्या) आणि उत्तरायुष्यात कवी. १९८० ते १९८५ या काळात हातातली आघाडी टिकवून सामना संपवण्यात त्यांच्या तोडीचे पिचर फारच थोडे होते. ही कामगिरी त्यांनी वेगाच्या जोरावर केली नाही. जवळजवळ जमिनीलगतून सोडलेला संथ आणि कमालीचा अचूक चेंडू हेच त्यांचे हत्यार होते.

जन्म कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे. ला व्हर्न या छोट्या कॉलेजच्या संघातून खेळत असतानाच त्यांचा हात खांद्यावरून न येता बाजूने येऊ लागला होता. वार्षिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, एकाही व्यावसायिक संघाने त्यांना निवडले नाही. १९७५ मध्ये रॉयल्सने करारबद्ध केले, पण खालच्या दर्जाच्या संघांत चार वर्षे घालवल्यावरच ८ जुलै १९७९ रोजी त्यांना मुख्य संघातून पहिला सामना खेळायला मिळाला. तेव्हा त्यांचे वय २६ होते.

सुरुवातीचा पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की रिलीफ पिचरला बोलावतात. संघ थोडक्या धावांनी पुढे असताना त्याने ती आघाडी राखून सामना संपवला, तर त्याच्या नावावर ‘सेव्ह’ जमा होतो. १९६९ पासून या नोंदीला अधिकृत स्थान आहे. आज हे काम बहुतेक वेळा शेवटच्या एका डावापुरते उरले आहे. क्विझेनबेरींच्या काळी मात्र नऊ डावांच्या सामन्यात सातव्या-आठव्या डावातच बोलावणे येई आणि तिथून शेवटपर्यंत सगळा भार एकट्यानेच उचलावा लागे.

त्यांच्या कारकिर्दीला कलाटणी मिळाली ती १९८०च्या हंगामापूर्वीच्या सराव शिबिरात. रॉयल्सचे नवे व्यवस्थापक जिम फ्रे यांनी पिट्सबर्ग पायरेट्सचा उंच, किडकिडीत पिचर केंट टेकुल्व्ह याला विनंती करून क्विझेनबेरींना त्याची ‘सबमरीन’ शैली शिकवायला लावली. चेंडू किती उंचीवरून सोडावा यावर बेसबॉलमध्ये बंधन नाही. या शैलीत पिचर कंबरेतून पार खाली वाकतो, हात गुडघ्याच्याही खालून फिरतो आणि तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड सरकवावा तसा चेंडू सुटतो. तो खालून वर चढत येतो आणि बॅटरपाशी पोहोचता पोहोचता खाली बसतो. बॅट चेंडूच्या वरच्या भागावर लागते आणि फटका हवेत न जाता जमिनीवरून घरंगळतो. रॉयल्सकडे दुसऱ्या बेसवर (बेस म्हणजे धावपटूने गाठायचा ठरलेला थांबा) फ्रँक व्हाइटसारखा अव्वल क्षेत्ररक्षक होता, त्यामुळे असे फटके थेट पथ्यावर पडत. पहिल्या बेसवर धावपटू असेल तर एकाच चेंडूवर दोघे बाद होण्याची शक्यता वाढे. अडचणीत सापडलेल्या संघाला याहून मोठी मदत कोणती?

त्याच वर्षी त्यांनी ३३ सेव्ह करून न्यूयॉर्क यांकीजच्या रिच गॉसेजसह अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मुख्य दर्जाच्या दोन लीगपैकी एकीत, पहिले स्थान मिळवले. गॉसेज म्हणजे निव्वळ वेग. दोघांची नावे एका रांगेत यावीत, यातच क्विझेनबेरींच्या कसबाची कल्पना येते. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांतील अंतिम मालिकेत, फिलाडेल्फिया फिलीजविरुद्धच्या सहाही सामन्यांत ते उतरले, पण रॉयल्स हरले. पुढे १९८२ ते १९८५ अशी सलग चार वर्षे ते लीगमध्ये सेव्हच्या यादीत अग्रस्थानी राहिले.

१९८३चा हंगाम या सगळ्यांत वरचढ. त्यांनी ४५ सेव्ह करून जॉन हिलर यांचा १९७३ मधील ३८चा विक्रम मागे टाकला. पण आकड्यांत खरा थक्क करणारा दुसराच आहे: १३९ डावांत त्यांनी अवघे ११ वॉक दिले. चार चेंडू लक्ष्याबाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक. दबावाच्या क्षणी मैदानात येणाऱ्या पिचरकडून अशा चुका सर्रास होतात. क्विझेनबेरी मात्र कोणालाच काही फुकट देत नव्हते. गाजलेला ‘पाइन टार’ सामनाही याच हंगामातला. २४ जुलैला यांकीजविरुद्ध पंचांनी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेटचा होमरन (मैदानाबाहेर मारलेला फटका) बॅटवरील चिकट राळेच्या कारणावरून रद्द केला. रॉयल्सची तक्रार मान्य होऊन तो पुन्हा धरला गेला आणि उरलेला खेळ १८ ऑगस्टला झाला. तेव्हा यांकीजच्या तिन्ही बॅटरना ओळीने बाद करून ५-४ हा विजय क्विझेनबेरींनीच पक्का केला.

१९८५ मध्ये रॉयल्सने सेंट लुइस कार्डिनल्सला हरवून पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली. पंच डॉन डेंकिंजर यांच्या चुकीच्या निर्णयामुळे वादग्रस्त ठरलेल्या सहाव्या सामन्यातील विजय क्विझेनबेरींच्या नावावर लागला. क्लबने त्यांच्याशी स्थावर मालमत्तेतील गुंतवणुकीसह आजीवन करार केला होता. पण पुढे त्यांची धार कमी झाली आणि १९८८ मध्ये त्याच क्लबने त्यांना मोकळे केले. त्यानंतर ते कार्डिनल्स आणि थोडा काळ सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळले. १९९० मध्ये ते निवृत्त झाले.

मुलाखतींतील त्यांचा मिश्कीलपणा पत्रकारांना आधीपासून ठाऊक होता. निवृत्तीनंतर ही भाषेची आवड कवितेकडे वळली. कॅन्सस सिटी परिसरातच राहून त्यांनी लेखन केले, काव्यवाचनाचे कार्यक्रम केले आणि ‘हार्व्हेस्टर्स’ या अन्नपेढीसाठी काम केले. १९९८ मध्ये ‘ऑन डेज लाइक धिस’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. एका कवितेत ते स्वतःच्याच बेसबॉल कार्डांवरील (चाहते जमवतात त्या खेळाडूंच्या चित्रपत्त्यांवरील) छायाचित्रे पाहत वर्षागणिक बदलत गेलेल्या त्या माणसाकडे बघतात. खेळाडूच्या वार्धक्याबद्दल इतके शांतपणे आणि स्वतःला न गोंजारता लिहिणे सोपे नाही.

जानेवारी १९९८ मध्ये त्यांना मेंदूचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. १९८५च्या विजेत्या संघाचे व्यवस्थापक डिक हाउजर यांचाही १९८७ मध्ये मेंदूच्या कर्करोगानेच अंत झाला होता. मे महिन्यात रॉयल्सच्या गौरवदालनात क्विझेनबेरींचा समावेश झाला, तेव्हा ते स्वतः उपस्थित होते. सप्टेंबरअखेर कॅन्सस राज्यातील लीवुड येथे ४५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एकूण ६७४ सामने, २४४ सेव्ह आणि दर नऊ डावांमागे २.७६ धावा, असा त्यांचा हिशेब आहे. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या राष्ट्रीय गौरवदालनासाठी, १९९६ मध्ये त्यांना केवळ १८ मते, म्हणजे ३.८ टक्के मिळाली आणि किमान पाच टक्के मतांच्या अटीमुळे नाव कायमचे यादीबाहेर गेले. २००६ मध्ये निवडले गेलेले रिलीफ पिचर ब्रूस सटर यांनी जवळजवळ तितकेच डाव टाकले. सेव्ह त्यांचे अधिक, ३००, पण धावांची सरासरी २.८३, म्हणजे क्विझेनबेरींपेक्षा किंचित जास्तच. हे आकडे शेजारी ठेवले की पहिल्याच वर्षी नाव वगळले जाणे अन्यायाचे वाटते. २०१३ मध्ये ज्येष्ठांच्या समितीने त्यांचा पुन्हा विचार केला, पण निवड झाली नाही.