जिब्राल्टरजवळ दोन समुद्रांचे पाणी मिसळत नाही का?

स्पेनच्या दक्षिणेकडील कादिझ या प्राचीन बंदरशहराच्या सहलीचा विषय निघाला, की एक जुना संदेश हमखास पुढे येतो: जवळच्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत अटलांटिक आणि भूमध्य समुद्राचे पाणी एकमेकांत मिसळतच नाही.

या समजुतीत तथ्याचा अंश आहे. भूमध्य समुद्रातून बाष्पीभवनाने जितके पाणी उडून जाते तितके नद्या आणि पाऊस भरून काढत नाहीत. त्यामुळे तेथे दर किलो पाण्यात सुमारे ३८ ग्रॅम क्षार असतात, तर अटलांटिकच्या बाजूस सुमारे ३६. अटलांटिकचे हलके पाणी वरून आत शिरते आणि जड, खारे पाणी तळाकडून बाहेर पडते. म्हणजे सीमा आहे ती खोलवर आणि आडवी. शिवाय तळाच्या उंचवट्यावरून भरती-ओहोटीचे पाणी जाताना हे थर चांगलेच घुसळले जातात, आणि बाहेर पडलेले पाणी अटलांटिकमध्ये साधारण एक किलोमीटर खोलीवर विरत जाते.

पडताळा घ्यायचा असल्यास सामुद्रधुनीच्या काठावरील तारिफा या स्पॅनिश गावापर्यंत जावे. तेथील बेटाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या रस्त्याच्या एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला भूमध्य समुद्र मानला जातो. पाण्यावर मात्र रेघ नाही. संदेशासोबतचे दुरंगी छायाचित्र इंटरनेटवर छायाचित्रानेच शोधल्यास ते पुष्कळदा अलास्काच्या आखातातील, हिमनद्यांच्या गाळाने गढुळलेल्या पाण्याचे निघते.