'देशी' मका, 'अमेरिकन' मका आणि परत पेरता येणारं बी

मृगाच्या आसपास पुण्यातल्या बियाण्यांच्या दुकानात जाऊन गच्चीवर लावायला मका मागितला, की पहिला प्रश्न येतो, "देशी देऊ की अमेरिकन?" सिंहगडाच्या वाटेवर निखाऱ्यावर भाजलेलं, लिंबू-तिखट-मीठ चोळलेलं, दाताला जरा चिवट लागणारं ते देशी. वाफवून, लोणी घालून कपात मिळणारं गोड, पिवळंधमक ते अमेरिकन. खाण्यापुरता हा फरक पुरतो. पण बी पेरायचं आणि त्यातलं मूठभर पुढच्या वर्षासाठी ठेवायचं म्हटलं, की हे दोन्ही शब्द फसवतात.

मुळात मका सगळाच अमेरिकेचा. दक्षिण मेक्सिकोत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या रानगवतातून माणसानं तो निवडत निवडत घडवला. त्या गवताच्या कणसाला पाच ते बारा टणक दाणे येतात आणि पिकले की आपोआप गळतात. मक्याचे दाणे गळत नाहीत. पानांच्या गुंडाळीत घट्ट बसतात, आणि कुणीतरी सोलून पेरल्याशिवाय हे पीक पुढच्या वर्षी उभंच राहू शकत नाही. बी राखणारा हात नसेल तर मका संपला, हे त्याच्या जन्मापासूनचं आहे. १४९२ नंतर तो युरोपात गेला आणि पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून भारतात उतरला, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. कर्नाटकात सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं दिसतात असा एक दावा आहे. तितक्या जुन्या काळातले मक्याचे पुरावे उत्खननांत मिळाले नसल्यानं तो फारसा टिकलेला नाही. 'मका' या नावाचा संबंध लोक मक्का शहराशी जोडतात. युरोपात काही ठिकाणी याच धान्याला 'तुर्की गहू' म्हणत. पाहुणं धान्य ज्या दारातून आलं, त्या दाराचं नाव त्याला चिकटलं.

आपल्या गच्चीशी थेट संबंध असलेला इतिहास मात्र १९५७ नंतरचा आहे. त्या वर्षी मक्याच्या सुधारणेसाठी देशपातळीवरचा समन्वित प्रकल्प सुरू झाला. एखाद्या पिकासाठी असा प्रकल्प भारतात पहिल्यांदाच होत होता. १९६१ मध्ये त्यातून पहिले संकरित वाण बाहेर पडले: गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन. हे दुहेरी संकर होते. एकाच झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकायचा, असं सहा-सात पिढ्या करायचं, की झाडं खुजी आणि नाजूक होतात, पण अगदी एकसारखी निघतात. अशा दोन शुद्ध वंशांचा संकर केला की पुढची पिढी एकदम जोमानं उठते. दोन संकरांचा पुन्हा संकर केला की झाला दुहेरी संकर. तो एवढ्यासाठी, की नाजूक वंशांवर बी फार थोडं धरायचं आणि महाग पडायचं.

अडचण बियाण्याच्या शेतात होती. ज्यांच्यावर बी धरायचं त्या मादी ओळींचे तुरे पराग उधळण्याआधी एकूण एक उपटायचे, चार वंश वेगवेगळे सांभाळायचे, मग पेरणीच्या वेळेला ते बी गावात पोचवायचं. आणि शेतकऱ्यानं दर वर्षी नवं विकत घ्यायचं, कारण संकरिताचा जोर पहिल्या पिढीपुरताच. त्याचे दाणे पुन्हा पेरले की एक झाड डोक्याइतकं, दुसरं कमरेइतकं. बी वेळेवर आणि पुरेसं मिळेना, परवडेना, आणि संकरित मका अपेक्षेइतका पसरला नाही.

तेव्हा जो निर्णय झाला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो. १९६७ मध्ये विजय, किसान, अंबर, सोना, विक्रम आणि जवाहर हे सहा संमिश्र वाण प्रसारित झाले. संमिश्र म्हणजे अनेक चांगले वंश एकत्र करून, त्यांना आपापसांत मोकळेपणानं फळू देऊन स्थिर केलेला वाण. उत्पन्न चांगल्या संकरितापेक्षा काहीसं कमी, पण बी घरचं ठेवता येतं आणि काही वर्षं बिनघोर पेरता येतं. महाराष्ट्रातही पुढे मांजरी, करवीर, पंचगंगा असे वाण आले, चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉल आला. सरकारी पिशवीतून आलेलं बी दोन-चार हंगामांत शेतकऱ्याचं स्वतःचं होत होतं. एकानं दुसऱ्याला मापानं दिलं, दुसऱ्यानं लेकीच्या सासरी पाठवलं.

जुन्नरकडच्या आमच्या मामाच्या बांधावर फिकट पिवळा मका असतो. घरात सगळे त्याला 'गावरान' म्हणतात, मीही म्हणत आलो. चौकशी केली तेव्हा मामा म्हणाला, "अरे, तुझ्या आजोबांनी पंचायत समितीतून पिशवी आणली होती, तिचंच हे." म्हणजे आमचा गावरान मका हा साठ-सत्तरच्या दशकातला संमिश्र वाण असणार, घरच्या निवडीनं बांधाला रुळलेला. आजी कणसं सोलून वरची पानं मागे वळवायची, दोन-दोनच्या जोड्या बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायची. धुरानं भुंगा लागत नसे. पेरायला काढताना कणसाचं टोक आणि बूड सोडून मधल्या भागातलेच दाणे घ्यायची, कारण ते एकसारखे भरलेले असतात. 'देशी' या शब्दात जपण्यासारखं काही असेल तर ते हे राखणं आहे. धान्याचं मूळ गाव त्यातून कळत नाही.

१९८० च्या दशकाच्या शेवटी वारं फिरलं. १९८८ च्या बियाणे धोरणानं बाहेरच्या बियाण्याला आणि खासगी कंपन्यांना दार मोठं उघडलं, संशोधनाचा भर एकेरी, म्हणजे दोनच शुद्ध वंशांच्या संकरावर गेला, आणि १९९५ मध्ये पंजाबात पारस हा देशातला पहिला एकेरी संकरित मका आला. शुद्ध वंश आता इतके सुधारले होते की त्यांच्यावर थेट बी धरता येत होतं. देशातलं मक्याचं उत्पादन त्यानंतर खूप वाढलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. कोंबडीखाद्याला भरघोस पिवळा दाणा हवा होता (अंड्याच्या बलकाला रंग येतो तो त्यातूनच), स्टार्चच्या कारखान्यांना हवा होता, आता इथेनॉललाही हवा आहे. शेतकऱ्याचा हिशेब संकरिताशी जुळला. परसबागेचा हिशेब मात्र या निर्णयात कुणी मांडला नाही. पांढरे, जुने, भाजून खायचे मके मागे पडले आणि संमिश्र वाणांची पाकिटं दुकानांतून जवळजवळ दिसेनाशी झाली. आज सिंहगडावर भाजून मिळणारं 'देशी' कणीस हे संकरित मक्याचं कोवळं कणीसही असू शकतं.

याचा चटका मी स्वतः खाल्ला आहे. एका दुकानातून 'देशी मका' असं ठळक लिहिलेलं पाकीट आणलं. गच्चीवर अर्ध्या कापलेल्या पिंपांत लावलं, कणसं झकास आली, आजीसारखी दोन टांगून ठेवली. पुढच्या आषाढात त्यांतून उगवलेली झाडं एका उंचीची नव्हतीच. तीन झाडांना कणीसच धरलं नाही. पाकीट मी जपून ठेवलं होतं. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, 'संकरित' लिहिलेलं होतं. गच्चीवरच्या माणसाचं एक वर्ष अशा एका शब्दापायी जातं, म्हणून हा शब्द इतका बोचतो.

'अमेरिकन' या नावाचा गोंधळ वेगळा. हे नाव इथं स्वीट कॉर्नला पडलं आणि त्यासोबत 'तो जीएम असतो' ही भीतीही आली. भारतात जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकबदल केलेल्या मक्याच्या व्यापारी लागवडीला परवानगी नाही. २००२ पासून ती आहे फक्त कापसाला. स्वीट कॉर्नची गोडी मक्यातल्याच नैसर्गिक जनुकबदलातून आली आहे. दाण्यातल्या साखरेचं पिठात रूपांतर व्हायचं, ते त्यात अडतं. जुन्या गोड मक्याची साखर तोडल्यावर काही तासांत उतरू लागायची. १९५० च्या दशकात इलिनॉयमध्ये दुसऱ्या एका जनुकाचा उपयोग लक्षात आला, आणि त्यातून निघालेल्या अतिगोड वाणांची गोडी तोडल्यावरही बरेच दिवस टिकते. कपातला मका शक्य झाला तो यामुळे.

त्या गोडीची किंमत बी मोजतं. तळहातावर घेऊन पाहा: अतिगोड मक्याचा सुका दाणा सुरकुतलेला, हलका, दोन्ही गालांनी आत ओढलेला असतो, वर औषधाचा गुलाबी रंग. आत पीठच कमी, म्हणून कोंबाला शिदोरी कमी. पुण्यातल्या जूनच्या संततधारेत, चिखल झालेल्या कुंडीत तो कुजतो आणि लोक म्हणतात बी खोटं निघालं. शिवाय शेजारी साधा मका फुलात असेल तर त्याचा पराग येऊन त्याच हंगामात, त्याच कणसातले दाणे पिठाळ होतात. बी राखायचं असेल तर गोड मक्यातही माधुरी, प्रिया असे संमिश्र वाण झालेले आहेत. ते चिकाटीनं मागावे लागतात.

२०१८ मध्ये आणखी एक 'अमेरिकन' आली, लष्करी अळी. कर्नाटकात मे महिन्याच्या सुमारास दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. गच्चीसुद्धा तिला वर्ज्य नाही. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, ओला भुसा पडल्यासारखी विष्ठा दिसली की ती आत आहे असं समजावं. आठ-दहा झाडांवर हातानं वेचणं आणि पोंग्यात चिमूटभर राख-वाळू टाकणं जमतं.

घरी बी धरायचं तर खरा अडसर संख्येचा आहे. मक्यात तुरा वर, कणीस खाली, आणि पराग वाऱ्यावर जातो. केसाचा एकेक धागा म्हणजे एकेक दाणा. ज्या धाग्याला पराग मिळाला नाही, तिथं कणसात खाच. पाच-सहा झाडांतून पिढ्यान्‌पिढ्या बी काढलं, की मुद्दाम शुद्ध वंश करताना होतं तसंच झाड खुजं होत जातं. शंभराच्या आसपास झाडं असावीत, म्हणजे वाण टिकतो. गच्चीवर शंभर झाडं कुठून आणायची? दुसरी अट मात्र पुण्यात फुकटात पुरी होते. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या मक्यापासून २०० मीटर अंतर सांगितलेलं असतं, आणि पेठेत एवढ्या अंतरात दुसरा मका औषधालाही सापडत नाही.

म्हणून गेले तीन पावसाळे आम्ही गल्लीतली चार घरं मामाकडचंच बी एकाच आठवड्यात पेरतो, प्रत्येकी पंचवीस झाडं. तुरे फुटले की सकाळी नऊच्या सुमारास कागदी पिशवीत झटकतो. पिवळीधमक भुकटी बोटांना चिकटते, मधमाश्या घोंगावत असतात. पिशव्या एकमेकांच्या गच्चीवर नेऊन केसांवर शिंपडतो. समोरच्या काकू यात सर्वांत तत्पर. कणसं वाळली की प्रत्येक झाडाच्या कणसातले मधले थोडे थोडे दाणे एका परातीत मिसळतो आणि चार डब्यांत वाटून घेतो. यंदाही डबे भरले आहेत. डब्यावर मी वर्ष आणि 'संमिश्र' असं लिहिलंय. काकूंनी त्यांच्या डब्यावर लिहिलंय, 'मामाचा मका'.