खाता येणारा कप आणि रिसायकल बोर्डाचा डबा: मुंबईतल्या छपाईवाल्याने कुठला अर्ज कुठे करायचा?

लोअर परळच्या एखाद्या गाळ्यात एकाच आठवड्यात तीन कामं येऊ शकतात. केटररला तांदळाच्या पिठाचे, वर लोगो छापलेले, चहा पिऊन झाल्यावर खाता येणारे कप हवेत. मिठाईवाल्याला रिसायकल बोर्डाचा डबा हवाय. तिसऱ्याला शाम्पूसाठी पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकचा पाऊच. छपाईवाल्याच्या लेखी तिन्ही ‘पॅकेजिंगचे जॉब’. सरकारच्या लेखी पहिला खाद्यपदार्थ आहे, दुसरं अन्नाला टेकणारं वेष्टन आणि तिसरं प्लॅस्टिक. तीन नियमावल्या, तीन वेगळ्या वाटा. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच, म्हणजे आपला माल कागदोपत्री कोण आहे हे न ठरवता फॉर्म भरायला बसल्यामुळे.

खाता येत असेल तर ते अन्नच

कप, चमचा, वाटी किंवा साखरेचा छापील कागद तोंडात जाणार असेल, तर तुम्ही अन्न उत्पादक झालात. अर्ज एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर करायचा, छाननी महाराष्ट्र अन्न व औषध प्रशासन करतं. २०११ च्या परवाना नियमावलीने आखलेल्या पायऱ्या अशा होत्या: वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत साधी नोंदणी, वर्षाला १०० रुपये; त्यावर २० कोटींपर्यंत राज्य परवाना; त्यापुढे केंद्रीय परवाना. उत्पादकाच्या राज्य परवान्याचं शुल्क दिवसाला एक टनापर्यंत ३,००० आणि त्यावर ५,००० रुपये. मर्यादा बदलत असतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी पोर्टल काय दाखवतं तेच धरा. कुणा सल्लागाराच्या जुन्या पत्रकावर पैसे भरू नका.

राज्य परवान्यासाठी लागतं ते असं:

- मालक, भागीदार किंवा संचालकांची यादी, ओळखपत्र, फोटो. भागीदारी करारनामा किंवा कंपनीची घटनापत्रं
- जागेचा पुरावा: भाडेकरार आणि वीजबिल
- मोजमापांसह गाळ्याचा नकाशा
- यंत्रांची यादी, प्रत्येकाची क्षमता आणि अश्वशक्ती
- पाण्याचा रासायनिक व जिवाणू तपासणी अहवाल
- अन्नसुरक्षा व्यवस्थापन आराखडा किंवा त्याचं घोषणापत्र
- जबाबदार व्यक्ती नेमल्याचा नमुना क्रमांक ९

यात नकाशा हा खरा मारेकरी. ऑफसेटच्या गाळ्यातच कोपऱ्यात ओव्हन टाकून कप भाजायचे, असा नकाशा मंजूर होणं कठीण. रोलर धुण्याचं सॉल्व्हंट, शाईचे डबे, छपाईतलं आयपीए अल्कोहोल आणि तांदळाचं पीठ एका हवेत चालत नाही. परवान्याच्या अटींमधली अनुसूची ४ स्वच्छतेबाबत हेच मागते. वेगळी खोली, वेगळं दार, कच्च्या मालाची वेगळी मांडणी, हात धुण्याची जागा, खिडकीला जाळी असं सगळं नकाशावर मोजमापासकट दिसलं पाहिजे. औद्योगिक वसाहतीत पाणी गच्चीवरच्या सामाईक टाकीतून येतं. अहवालासाठी नमुना आपल्या नळाचा घ्या, पंपाचा नव्हे. वीजबिल जुन्या गाळामालकाच्या नावावर असेल तर भाडेकराराची साखळी जोडा. एकाच नावाचा कागद पुढे केला की शंका निघते.

पोर्टलवर ‘व्यवसायाचा प्रकार’ निवडताना काहीजण ‘पुनर्वेष्टन’ निवडतात, कारण कप बाहेरून आणून फक्त छापायचे असतात. पण छपाईतून कपावर रंग, म्हणजे अन्नमिश्रक, चढतोय. अशा कामाला उत्पादक म्हणूनच जा. शंका विचारली गेली की ३० दिवसांत उत्तर द्या. उत्तर न गेल्यास अर्ज बंद होतो आणि शुल्कही जातं.

शेवाळाच्या फिल्मसारखा घटक वापरत असाल आणि त्याला आपल्याकडे मानकच नसेल, तर २०१७ च्या अनिर्दिष्ट अन्न मंजुरी नियमावलीखाली आधी दिल्लीची मंजुरी घ्यावी लागते. तिथे विषशास्त्रीय माहिती आणि इतर देशांतल्या वापराचा पुरावा मागतात. पीठ, साखर, स्टार्च, तेल अशा ओळखीच्या मालातून कप बनत असेल तर या वाटेला जायची गरज नाही.

खाण्याची शाई

‘फूड ग्रेड’ असं बाटलीवर लिहिलेलं असणं पुरेसं नाही. आपल्याकडे अन्नात चालणारे कृत्रिम रंग आठच: टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२), पॉन्सो ४आर (१२४), एरिथ्रोसिन (१२७), इंडिगो कार्माइन (१३२), ब्रिलियंट ब्लू (१३३) आणि फास्ट ग्रीन (१४३). कंसातले क्रमांक आयएनएसचे, म्हणजे अन्नमिश्रकांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले. परदेशी कार्ट्रिजच्या तांत्रिक पत्रकावर रंगाचं व्यापारी नाव असतं, म्हणून क्रमांक जुळवून पाहा. प्रमाण साधारण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आत, तेही तयार पदार्थावर मोजलेलं. गडद, पूर्ण रंगाचा लोगो पातळ कपावर चढवला की ही मर्यादा ओलांडते. बाह्यरेषेचा लोगो त्यात बसतो. डिझायनरला हे प्रूफ निघण्याआधी सांगा.

इंकजेट यंत्र फक्त खाण्याच्या शाईसाठी ठेवा. कधीकाळी साधी शाई गेलेलं यंत्र धुऊन वापरता येत नाही, कारण हेडमध्ये आणि नळ्यांमध्ये ती उरतेच.

गंमत म्हणजे खाता येणाऱ्या पॅकेजिंगलाही पॅकेजिंग लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात भाजलेला कप उघडा ठेवला तर एका दुपारीत नरम पडतो. त्याच्या बाहेरच्या पाकिटावर २०२० च्या लेबलिंग नियमावलीप्रमाणे घटक, शाकाहारी खूण, १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख लागते. गव्हाचं पीठ असेल तर ग्लूटेनचा, दूध असेल तर दुधाचा अ‍ॅलर्जी उल्लेख अनिवार्य. किरकोळ विक्री असल्यास वैधमापन खात्याकडे २०११ च्या पॅकबंद वस्तू नियमांतल्या नियम २७ खाली पॅकर म्हणून नोंदणी, कामाला सुरुवात केल्यापासून ९० दिवसांच्या आत. शुल्क ५०० रुपये.

रिसायकल बोर्डाचा डबा: परवाना नाही, दाखला आहे

नुसतं वेष्टन बनवणाऱ्याला एफएसएसएआयचा परवाना मिळत नाही, मागूही नये. मिठाईवाला मागतो तो अनुरूपता दाखला. अन्नसुरक्षा (पॅकेजिंग) नियमावली, २०१८ ही १ जुलै २०१९ पासून लागू आहे, आणि दाखला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा लागतो. मुंबईत अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. खासगी प्रयोगशाळाही आहेत. प्रयोगशाळेची मान्यता नेमक्या त्या चाचणीसाठी आहे का, ते तिच्या मान्यता-व्याप्तीच्या यादीत बघा. मान्यता बोर्डाच्या ताकदीची आणि चाचणी स्थलांतराची (वेष्टनातून अन्नात किती पदार्थ उतरतो त्याची), असे दाखले बाजारात फिरतात आणि ग्राहकाच्या ऑडिटमध्ये पडतात.

नियमावलीतल्या दोन गोष्टी छपाईवाल्याच्या थेट अंगावर येतात. एक, शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाची हवी. दोन, वर्तमानपत्र किंवा तसला छापील कागद अन्न गुंडाळायला चालत नाही. प्लॅस्टिक टेकत असेल तर आयएस ९८४५ नुसार एकूण स्थलांतर ६० मिलिग्रॅम प्रति किलो किंवा १० मिलिग्रॅम प्रति चौरस डेसिमीटरच्या आत. चौरस डेसिमीटर म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा. त्यातून जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम पदार्थ बाहेर यावा. चाचणीत अन्नाच्या जागी पाणी, ३ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, अल्कोहोल, हेप्टेन असे पर्यायी द्रव वापरतात. तुपातली मिठाई असेल तर स्निग्ध द्रवाची चाचणी मागा; प्रयोगशाळा आपणहून ती जोडेलच असं नाही.

रिसायकल बोर्डात, विशेषतः करड्या पाठीच्या डुप्लेक्समध्ये, जुन्या वर्तमानपत्राच्या शाईतलं खनिज तेल असतं. ते द्रवरूपात झिरपत नाही, वायुरूप होऊन मधल्या जागेतून कोरड्या अन्नात जातं. म्हणून ‘आत बटरपेपर टाकलाय ना’ हे उत्तर चालत नाही. बटरपेपर वायूला रोखत नाही. रोखायला अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा पीईटीसारख्या प्लॅस्टिकचा थर लागतो, किंवा आतला थर नव्या लगद्याचा घ्यावा लागतो आणि माल फार दिवस पडून राहणार नाही हे पाहावं लागतं. बेसन लाडवाचा डबा घराघरांत आठवडाभर उघडबंद होतो, हे गृहीत धरा.

दुसरा दोष थप्पीत होतो. छापील बाजू पुढच्या तावाच्या आतल्या बाजूला टेकते आणि शाईचे न सुकलेले घटक तिकडे चढतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. २००५ साली इटलीत बाळदुधात छपाईच्या यूव्ही शाईतला आयटीएक्स हा शाई सुकवणारा घटक सापडला, त्याच्या मुळाशी हेच होतं. त्यामुळे नमुना पाठवताना कोरा बोर्ड पाठवू नका. छापलेला, वार्निश केलेला, पंचिंग-ग्लूइंग झालेला आणि थप्पीत राहिलेला डबा पाठवा. सोबत जोडा:

- बोर्ड मिलचं पत्र, रिसायकल तंतूंची टक्केवारी आणि थरांची रचना
- शाई, वार्निश, गोंद यांची पत्रकं. आयएस १५४९५ चा आणि टोल्युइन नसल्याचा उल्लेख
- डब्याचं क्षेत्रफळ, आत जाणारं वजन, कोरडं की तुपाळ, साठवणीचं तापमान आणि दिवस

चाचणीत नमुना दहा दिवस ४० अंशांवर ठेवावा लागू शकतो, म्हणून अहवाल चार दिवसांत मागणं व्यर्थ. गणपतीच्या डब्यांची चाचणी जुलैत सुरू झाली तर ऑगस्टात मशीन मोकळं होतं. शाईचा पुरवठादार किंवा बोर्डाची मिल बदलली की जुना दाखला त्या मालाला लागू राहत नाही.

प्लॅस्टिकचा अंश आला की

बाहेरून कागद, आत पॉलिथिनचा थर, असा डबा अनेकजण ‘पेपर पॅकेजिंग’ म्हणून विकतात. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत तो बहुथरी वेष्टन आहे, म्हणजे ईपीआरचा (बाजारात आणलेल्या प्लॅस्टिकच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी) वर्ग ३. कडक प्लॅस्टिक वर्ग १, लवचिक वर्ग २, कंपोस्टेबल प्लॅस्टिक वर्ग ४. फिल्म विकत घेऊन पाऊच तुम्हीच बनवत असाल तर तुम्ही ‘उत्पादक’. एक-दोन राज्यांतच काम असेल तर अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, त्याहून जास्त राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळाकडे. दोन्हींचं पोर्टल एकच. पॅन, जीएसटी, कारखान्याची हवा-पाणी संमती, प्रक्रियेचा आराखडा आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांतलं वर्गवार वजन लागतं. १,००० टनांपर्यंत नोंदणी शुल्क १०,००० रुपये. वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत. सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालक या जबाबदारीतून वगळलेत, म्हणून ग्राहकाचं उद्यम प्रमाणपत्र फाइलला लावून ठेवा.

पुनर्वापरित प्लॅस्टिकचा किमान वाटा २०२५-२६ पासून सुरू होतो: वर्ग १ ला ३० टक्के, दरवर्षी दहाने वाढत २०२८-२९ ला ६०, वर्ग २ ला १० टक्के, २०२७-२८ पासून २०, वर्ग ३ ला ५, मग १०. शाम्पूच्या १०० टन बाटल्या २०२६-२७ मध्ये भरणाऱ्या ब्रँडला ४० टन पुनर्वापरित माल दाखवावा लागेल. अन्नाच्या पाकिटात मात्र वाटेल ते रिसायकल प्लॅस्टिक भरता येत नाही. पीईटीसाठी एफएसएसएआयने २०२२ मध्ये निकष काढले; त्यात बसणारा आरपीईटी, म्हणजे पुनर्वापरित पीईटीच घ्या, आणि ग्रॅन्युल देणाऱ्याकडून मंजुरीची प्रत ऑर्डरच्या आधी मागा. वैधानिक अडचणीमुळे वाटा भरता येत नसेल तर केंद्रीय मंडळाकडे प्रकरणनिहाय सूट मागता येते. पण तेवढ्याच वजनाची प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात.

‘कंपोस्टेबल’ हा शब्द छापायचा असेल तर आयएस/आयएसओ १७०८८ ची चाचणी आणि केंद्रीय मंडळाचं प्रमाणपत्र आधी, प्लेट नंतर. महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची प्लॅस्टिक-थर्माकोल अधिसूचना वेगळी चालते; तिच्यातला दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद.

डब्यावर काय लिहायचं

‘१०० टक्के रिसायकल’, ‘पृथ्वीस्नेही’ अशा ओळी ग्राहक फुकटात मागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने भ्रामक पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. मोघम शब्दाला आधार द्यावा लागतो. टक्केवारी कशाची, डब्याची की फक्त बाहेरच्या कागदाची, हे त्याच जागी लिहा. एफएससीची (कागद जबाबदारीने राखलेल्या जंगलातला असल्याची) खूण छापायची तर मिलचं प्रमाणपत्र पुरत नाही. छापणाऱ्या प्रेसकडे स्वतःचं साखळी प्रमाणपत्र (जंगलापासून छपाईपर्यंत मालाचा माग ठेवल्याचं) हवं आणि खुणेच्या प्रत्येक मांडणीला मंजुरी. ती मंजुरी ईमेलने येते. प्लेट काढणाऱ्या माणसाला ती पाठवा, कारण आयत्या वेळी खूण जागेत बसेना म्हणून चौकोन छोटा करणारा तोच असतो.